नव्वद ग्रॅम

आमच्या वॉर्डात सगळ्यात खुशीत कोण असेल तर डॉ. हालवार. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं काचेच्या पेटीत. आयांचे डोळे रडून सुजलेले. आणि डॉक्टर मात्र पडद्यावरची वजनाची रेघ बघत शीळ घालणार. आधी रेघ, मग बाळ, असा त्यांचा क्रम होता. मी तिथली नर्स, बोरगिल. बावीस वर्षं ती शीळ ऐकत होते.

त्या वर्षी मार्चमध्ये युरुनचा मुलगा तार्याई आमच्याकडे होता. जन्मला तेव्हा नऊशे ऐंशी ग्रॅम. युरुन फ्योर्डमधल्या, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीतल्या, सॅमन माशांच्या शेतीवर कामाला. माशांना खाद्य घालायचं, त्यांची वजनं-मापं घ्यायची, हेच तिचं दहा वर्षांचं काम. आता दर तीन तासांनी पंप लावून ती दूध काढायची आणि ते नाकातल्या नळीतून थेंबथेंब तार्याईच्या पोटात जायचं.

डॉक्टरांनी एकदा तिची बाटली उजेडात धरली. "पातळ आहे. यावर बाळ जगेल, पण वाढणार नाही."

"चाखून बघितलंत, की नुसतं बघूनच कळतं तुम्हाला?" युरुन म्हणाली.

इतक्या लहान बाळांना आईच्या दुधात जास्तीची प्रथिनं आणि क्षार असलेली पूड मिसळून द्यावीच लागते. त्यात डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. पण ती हळूहळू वाढवण्याऐवजी दोन दिवसांत दुप्पट करायची, ही त्यांची स्वतःची पद्धत; तार्याईलाही तशीच चालू होती. आणि ती बघायला शुक्रवारी ऑस्लोहून पाहुणे येणार होते.

गुरुवारी सकाळी तार्याईचं वजन मी केलं. आदल्या दिवशी बाराशे चाळीस होतं. आज तेराशे तीस! डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डाला हाका मारल्या. "एका दिवसात नव्वद ग्रॅम! हे उद्या दाखवायचं."

युरुन खुर्चीतून उठली. "डॉक्टर, आमच्याकडे मासा एका दिवसात इतका वाढला तर आम्ही टाळ्या वाजवत नाही. आधी काटा तपासतो."

"बाई, तुमचं बाळ म्हणजे मासा नव्हे."

"नाही ना! मासा असता तर तुम्ही त्याची लांबीसुद्धा बघितली असती. बोरगिलताई, किती भरली हो या आठवड्यात?"

मी वही उघडली. लांबी तेवढीच. डोक्याचा घेरही तेवढाच.

"डोकं सावकाश वाढतं," डॉक्टर म्हणाले.

"काहींचं तर वाढतच नाही," युरुन म्हणाली.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मला मात्र हसू येईना. माझं लक्ष तार्याईच्या हाताकडे गेलं होतं. रक्त चढवायचं म्हणून पहाटे त्याच्या हाताला फळी बांधली होती, त्यावर नळ्या आणि तोट्या. शिवाय लंगोट भिजलेला, डोक्यावर लोकरीची टोपी. हे सगळं मी बाळाबरोबर तोललं होतं आणि वजा करायला विसरले होते. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर!

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "परत वजन करते."

बाराशे बावन्न. म्हणजे बारा ग्रॅम वाढ. आणि लंगोट सोडल्यावर दिसलं, की पोट टम्म फुगलंय. दुपारी तो हिरवट ओकला. पोटाचा फोटो काढून, दूध काही तास थांबवून आम्ही वाट बघत बसलो. युरुन त्याचा पाय दोन बोटांत धरून बसली होती. सुदैवाने आतड्याला काही झालं नव्हतं.

शुक्रवारी डॉक्टरांनी नव्वद ग्रॅमच दाखवले. पडद्यावर बदल करायला वेळ मिळाला नाही म्हणे. पाहुण्यांतल्या एका बाई कौतुकानं युरुनकडे वळल्या. "एवढं वजन कशानं वाढलं हो?"

"फळीनं," युरुन म्हणाली.

पुढचं मीच सांगितलं, पहिल्यापासून, सगळं. डॉक्टरांचे कान लालबुंद झाले. मला लेखी समज मिळाली. ती रास्तच होती.

मग पूड कमी केली आणि बेताबेतानं वाढवली. तार्याई रोज पंचवीस-तीस ग्रॅम कमवू लागला. लांबी सरकली, डोकंही. मे महिन्यात तो अडीच किलोचा होऊन घरी गेला. त्यानंतर महिन्याभरात वॉर्डात नवी सूचना लागली: वजन करताना फळी, टोपी, लंगोट काढावा किंवा वजा करावा, लांबी आणि डोकं न मोजता वाढ ठरवू नये. खाली सही डॉ. हालवार यांची. ऑस्लोत त्यावर त्यांचं भाषणही झालं, असं ऐकलं.

ऑक्टोबरात तार्याई तपासणीला आला. गुबगुबीत गाल, दोन दात. डॉक्टर छाती तपासायला वाकले, तर पठ्ठ्यानं स्टेथोस्कोपची नळी तोंडात धरली ती सोडेचना. डॉक्टर वाकलेलेच.

"बोरगिल, सोडव ना जरा."

"थांबा हो," मी म्हणाले, "खाऊ दे की त्याला."