वाळ्यांसकट वजन

मी वजनकाटा बोलतोय. वाण्याच्या दुकानातला नव्हे. मी पोरं तोलतो. गोल तबकडी, एक सुई, खाली आकडा आणि आकड्याला कापडी झोळी, एवढाच माझा संसार. जन्म कारखान्यातला, पण जव्हारहून एसटीने खोडाळ्याजवळच्या या पाड्यावर आलो, अंगणवाडीच्या तुळईला लटकलो आणि इथलाच झालो.

माझ्या झोळीत बसून न रडलेलं पोर मी अजून पाहिलेलं नाही. आया मात्र श्वास रोखून सुईकडे बघतात. सुई जरा पुढे सरकली की आईचा चेहरा असा फुलतो, जणू मीच काहीतरी केलं! खरं तर मी काहीच करत नाही. जे टांगलं जातं ते सांगतो.

डॉक्टर योगिता आली आणि माझा भाव वधारला. जव्हारच्या मास्तरांची ही मुलगी, मुंबईला शिकलेली. नाचणी-खुरासणीचा लाडू रोज खाल्ला तर अशक्त पोरांचं वजन किती वाढतं, हे तिला शोधायचं होतं. आधी एकदा वजन, तीन महिने लाडू, मग पुन्हा वजन. निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तर तिचे मोठे सर जव्हारला अशा मुलांसाठी केंद्र काढणार होते आणि तिच्या हाती देणार होते. ती त्या केंद्राची स्वप्नं बघत होती.

पाड्यावर एवढं सगळं कुठून कळणार? कळलं ते इतकंच, की ताईची परीक्षा आहे आणि ती आपल्या पोरांच्या वजनावर आहे.

दुसऱ्या वजनाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. पहिल्या वेळी योगिताने पोरांचे सगळे कपडे उतरवले होते. आता कुडकुडणारी पोरं बघून तिला ते करवेना. "झबल्यांचं वजन वजा करू," ती म्हणाली. माझी सुई नुसती पळत सुटली. पाड्यावरच्या रुपीच्या पोराने, सख्याने, तर कमाल केली. अंगणवाडीसेविका चैती टाळ्या वाजवायला लागली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

नियतकालिकाने तिचा लेख स्वीकारल्याचं कळलं तेव्हा योगिता पेढे घेऊन आली. रुपीने पेढा तोंडात टाकला आणि खुशीत म्हणाली, "मंग! आमी पण जाम तयारी केली ना, ताई."

"कसली तयारी?"

"पोरांना पोट टम्म होईस्तो पेज पाजली. आन तुमी झबली राहू द्या बोलल्या तशा घरी पळालो, झबल्याच्या आत घरातले वाळे, कडदोरे, सगळे चढवले. सख्याला तं माझ्या आजीचा चांदीचा कंबरपट्टा बांधला. तुमी नापास झाल्या असत्या तं आमाला बरं वाटलं असतं का?"

योगिताच्या हातातला पेढा हातातच राहिला. तिला रागावताही येईना, हसताही येईना. इतक्या मायेने कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. सरांचा आवाज मोठा, मला तुळईवर ऐकू आला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? तिथे कोण येतंय बघायला? छापून येऊ दे."

योगिताने माझ्या सुईकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, हा लेख वाचून दुसरीकडचा डॉक्टर आजारी पोराला औषधाऐवजी नुसता लाडू देईल. मी लेख मागे घेते. कपडे न काढण्याची चूक माझी, तेही संपादकांना कळवते."

"मग केंद्राचं विसर," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी ती रडली. रुपी घाबरून गेली. पण योगिताने तिचा हात धरून सांगितलं, "वजन कमी भरलं तरी चालेल गं. मला खरं पाहिजे."

पुढच्या वर्षी नवी पोरं घेऊन तिने पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात रुपीची धाकटी माघी होती. शेवटच्या वजनाला शेगडी पेटवून खोली ऊबदार केली होती. रुपीने माघीचं झबलं काढलं, वाळे काढले, कडदोरा काढला. मग गळ्यातला दृष्टीचा काळा दोराही सोडवायला लागली.

"अगं, तो राहू दे. त्याला कसलं वजन?"

"आसंल नायतर नसंल. ह्या टायमाला कोणी काय बोलायला नको."

दोरा तिने योगिताच्या तळहातावर ठेवला. जी बाई तो दोरा अंघोळीलाही काढत नव्हती, तिने तो दिला. माझी सुई थोडीच सरकली. माघी खाली उतरल्यावर योगिताने स्वतःच्या हाताने दोरा तिच्या गळ्यात पुन्हा बांधला. मला फार बरं वाटलं.

वाढ आधीच्या निम्मीही नव्हती. तरी त्याच नियतकालिकाने लेख छापला, आणि आदल्या वर्षी काय घडलं तेही त्यात आहे, कुणाचं नाव न घेता. केंद्र काही झालं नाही. लाडू मात्र चालू आहेत, आणि ज्याला औषध लागतं त्या पोराला योगिता जव्हारला नेते.

छापलेला लेख घेऊन ती आली तेव्हा रुपीने पहिलं हेच विचारलं, "पास झाल्या का, ताई?"

"झाले. अगदी काठावर."

"मंग बास झालं!" म्हणत रुपीने तिच्याच तोंडात लाडू कोंबला.

मी आता जुना झालोय, झोळीला दोन ठिगळं आहेत, पण सुई अजून शून्यावर येते. एकच मागणं आहे. ताईवर जीव टाका, खुशाल टाका. पण तो झोळीत टाकू नका. मला बिचाऱ्याला तोही मोजावा लागतो.