रस्त्यापलीकडची भट्टी

"ए, ते खाऊ नका! आतून कच्चं आहे ते! पोट धरून बसाल आणि मग म्हणाल, आधी का नाही सांगितलं!"

खिडकीतून म्हातारा ओरडला तसे बाकावरच्या दोन ट्रकवाल्यांचे घास तोंडाजवळच थांबले. भट्टीपुढं उभ्या असलेल्या सुनेनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिनं जाळीवरच्या बरगड्या उलटल्या, चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झालं, तसा धूर चुकवायला तिनं मान कलती केली.

"कच्चं लागलं तर माझ्या तोंडावर फेका," ती म्हणाली. "आणि चांगलं लागलं तर मुकाट्यानं खा. आत ऐकू गेलं तर मामंजींना ताप चढतो."

ट्रकवाले हसले आणि बोटं चाटत खायला लागले. खिडकीतून चार शिव्या आल्या, त्या धुरात विरून गेल्या.

भट्टी म्हाताऱ्याची. रस्ता कच्चा होता तेव्हापासूनची. बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, रस्त्यावर डांबर पडलं, पण भट्टीपुढं उभा राहणारा माणूस बदलला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी सून घरात आली. तेव्हापासून मांस कापायचं तिनं, मसाला वाटायचा तिनं, सळयांवर तुकडे ओवायचे तिनं, आणि निखाऱ्यापुढं उभं राहून "वा, काय हात आहे!" ऐकायचं म्हाताऱ्यानं. मग महिन्याभरापूर्वी चरबीचा भडका उडाला आणि म्हाताऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याला आत खाटेवर निजवलं, आणि गिऱ्हाईक ताटकळलं म्हणून सून भट्टीपुढं जाऊन उभी राहिली. कुणाला विचारलं नाही. तेच म्हाताऱ्याच्या मनात सलत होतं. हाताची आग एक वेळ निवली असती, ही आग निवत नव्हती.

नवरा तिचा मुलखाचा गरीब. गावानं त्याचं नाव होयबा ठेवलं होतं. बापानं म्हटलं दिवस, की दिवस. बापानं म्हटलं रात्र, की हा दिवा शोधायला निघायचा.

त्या दुपारी म्हातारा भिंतीला धरून बाहेर आला. हाताला पांढरी पट्टी, गळ्यात झोळी, डोळे लालभडक.

"उद्या धाकटा येतोय शहरातनं," तो म्हणाला. "मी बोलावलंय. मोठ्या हॉटेलात चार वर्षं काढलीत त्यानं. भट्टी तो बघेल. तू आपली मागं जा कांद्यांपाशी."

"हॉटेलात ते काय करत होते, मामंजी?"

"काय म्हणजे? हॉटेलात होता!"

"टेबलं पुसत होते. त्यांनीच सांगितलं होतं मागच्या खेपेला."

"तोंड सांभाळून बोल! बाईमाणसानं भट्टीपुढं उभं राहावं ही रीत नाही आपल्यात."

"कापायची रीत आहे, वाटायची आहे, राख उपसायची आहे. नुसतं उभं राहायचीच नाही का?"

म्हाताऱ्यानं होयबाकडं पाहिलं. होयबानं जमिनीकडं पाहिलं.

धाकटा आला तो डोक्याला टोपी घालून. आल्या आल्या त्यानं भट्टीभोवती एक फेरी मारली आणि "इथं बरंच सुधारायला पाहिजे," असं जाहीर केलं. म्हातारा खाटेवरनं हुंकार देत होता. सून मागच्या पडवीत जाऊन कांदे चिरायला बसली. आयत्या बिळावर नागोबा आला, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, ते तिनं कांद्याबरोबर चिरून टाकलं.

रविवारी बाजार होता. आसपासच्या सात गावची माणसं, वर रस्त्याचं गिऱ्हाईक. सकाळपासून वारा भणाणत होता आणि भुरभुरी माती उडत होती. अशा वाऱ्यात निखारा राखेखाली दाबून ठेवावा लागतो, नाहीतर तो दोन घटकांत जळून जातो. हे धाकट्याला कोण सांगणार? त्यानं पेटत्या निखाऱ्यावर कच्च्या कोळशाचं आख्खं पोतं रिचवलं. आधी धूर झाला, माणसं खोकत बाकावरनं उठली. मग एकदम जाळ झाला. बरगड्या वरनं काळ्याठिक्कर आणि आत रक्त.

सुनेनं पडवीतनं सगळं पाहिलं. एकदा उठलीही. मग परत बसली. ज्याची हौस त्यानं पुरवावी.

म्हशींच्या एका दलालानं पहिला घास घेतला आणि थुंकला. "हे काय रे? मेलेल्याला पुन्हा मारलंस की!"

माणसं हसली. धाकट्याचं तोंड उतरलं. तेव्हा म्हातारा खाटेवरनं उठला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"पोराचा दोष नाही! मांसच बिघडवलंय. आमच्या सूनबाईनं मसाल्यात काहीतरी कालवलंय. भट्टी हातची गेली ना, म्हणून डूख धरलाय!"

सगळी माणसं पडवीकडं बघायला लागली. सून हात पुसत पुढं आली. तिचा चेहरा रागानं तापला होता, पण आवाज खाली होता. ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पहाटे मसाला वाटला तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. मी काय कालवलं, सांगा या माणसांना."

होयबानं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा बापाकडं.

"आबा म्हणतात, तर... असेल काहीतरी."

तिनं कमरेचं फडकं सोडलं, बाकावर टाकलं, पडवीतली आपली सुरी उचलली आणि रस्ता ओलांडला.

पलीकडं पंक्चरवाल्याचं दुकान होतं. चिंध्या झालेली टायरं, हवेचं यंत्र आणि दारात एक डेरेदार झाड. पंक्चरवाला स्वतः वंगणानं माखलेला, बोलायला मोकळा.

"दादा, तुमच्या झाडाखाली बसू का?"

"बसा की ताई. काय करणार?"

"भट्टी लावणार."

त्यानं रस्त्यापलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "लावा. टायर फुटलेला माणूस तासभर इथंच अडकतो. शिव्या देण्यापेक्षा खाईल तरी."

गंजलेलं एक पिंप त्यानंच उभं कापून दिलं. खाली विटा, वर सायकलीच्या तारांची जाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथनं पहिला धूर निघाला.

घर मात्र तिनं सोडलं नाही. संध्याकाळी त्याच घरात यायची, आपल्या कोपऱ्यात निजायची, पहाटे उठून जायची. घर तिचंही होतं. फक्त घरातली चूल तिनं पेटवली नाही. तीन पुरुष एकमेकांची तोंडं बघत पाव आणि कांदा खात होते.

आणि मग जुंपली. म्हातारा खाट रस्त्याच्या कडेला आणून बसायचा आणि पलीकडं थांबणाऱ्या प्रत्येक गाडीला ओरडायचा, "तिथं खाऊ नका! विष घालते ती!" गाडीवाले विचारायचे, हा कोण? पंक्चरवाला सांगायचा, "तिचा सासरा." मग ते हमखास थांबायचे. सासरा इतका बोंबलतोय म्हणजे खाण्यात काहीतरी असणार.

धाकट्यानं दुसरी वाट धरली. वारा तिच्याकडं वाहायला लागला की हा भट्टीची राख उपसून उधळायचा. तिच्या मांसावर राखेचा थर बसायचा. पहिल्या दिवशी सगळं मांस तिला कुत्र्यांपुढं टाकावं लागलं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, मर्द असाल तर चांगलं भाजून दाखवा. राख काय, वाराही उडवतो."

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"

"माझ्या बापाचा असता तर तुम्हाला त्यावर उभं राहू दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तिनं माती कालवली आणि पिंपाच्या वाऱ्याकडच्या अंगाला कमरेएवढी भिंत घातली. मातीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडाले होते. होयबा पलीकडं दारात उभा राहून बघत होता. एक पाऊल त्यानं पुढं टाकलं, मग बापाचा खोकला ऐकून मागं घेतलं. ते तिनं पाहिलं आणि मातीचा आणखी एक गोळा भिंतीवर थापला.

पाचव्या आठवड्यात धाकटा कंटाळला. गिऱ्हाईक नाही, बोलणी मात्र पोटभर. एका सकाळी टोपी घालून त्यानं बसला हात केला. म्हातारा म्हणाला, "जा, जा! मी उभा राहतो भट्टीपुढं!" आणि त्यानं पट्टी सोडली. हात बरा झाला होता, पण बोटं आखडली होती. त्यानं चिमटा उचलला, तो निसटून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला नाही. भट्टी त्या दिवशी पेटली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी होयबा रस्ता ओलांडून आला. झाडाखाली बराच वेळ उभा राहिला.

"मी... त्या दिवशी..."

"कांदे चिरा," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "बारीक. आणि माझ्याशी बोलू नका."

तो खाली बसला आणि चिरायला लागला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या आधी येऊन बसला होता.

म्हातारा मात्र तिथंच, थंड भट्टीपुढं, खाटेवर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ओरडून ओरडून घसा बसला होता, आता नुसता बघायचा. पोटात पाव आणि कांदा, दुसरं काही नाही. दुपारी सुनेनं एका ताटलीत चार बरगड्या वाढल्या आणि नवऱ्यापुढं सरकवल्या.

"नेऊन द्या."

म्हाताऱ्यानं ताटली लाथेनं उडवली. बरगड्या नालीत पडल्या. पंक्चरवाला म्हणाला, "ताई, कशाला?" दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पाठवली. पुन्हा उडवली. कुत्र्यांना वेळ पाठ झाली.

तिसऱ्या दिवशी होयबा ताटली खाटेवर ठेवून मागं न बघता निघून आला. इकडं एक ट्रक थांबला, चार माणसं उतरली, जाळीवर जागा उरली नाही, आणि ती कामात बुडून गेली. गर्दी ओसरल्यावर होयबा पलीकडं जाऊन ताटली घेऊन आला. ताटलीत चार हाडं होती. इतकी साफ, की मुंगीसुद्धा निराश झाली असती.

"आबा काही म्हणाले?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

होयबा चाचरला. "म्हणाले, मीठ जास्त झालंय."

पंक्चरवाला खो खो हसला. ती हसली नाही. तिनं हाडं कुत्र्यांपुढं टाकली, ताटली धुतली, उपडी ठेवली. रस्त्यापलीकडं म्हातारा मान दुसरीकडं वळवून बसला होता.

"सांगा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पलीकडं ऐकू जाईल असा आवाज काढला, "आता माझं मीठ खाल्लंय. जपून बोलायचं."