खसखशीएवढे पाहुणे

आमच्या प्रयोगशाळेत नको तिथे उगवलेल्या ठिपक्यांना आम्ही ‘पाहुणे’ म्हणतो. ताटलीचं झाकण उघडलं की हवेतून एखादा जंतू पडतो आणि वाढतो. त्याची दखल घ्यायची नाही, असा शिरस्ता.

त्या सकाळची ताटली माझ्या मावशीच्या बोटातल्या पुवाची होती. मावशी किल्ल्या बनवते. कानस निसटून उजवी तर्जनी कापली आणि महिन्याभरात दोनदा चिघळली. आता चुकीच्या औषधात दिवस गेले तर पेर काढावं लागेल, असं सर्जननी सांगितलं होतं.

ताटलीभर जंतूंचा थर आणि त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. मावशीच्या नेहमीच्या गोळीच्या चकतीभोवती ते छान रुंद होतं. फक्त आत दोन ठिपके होते, खसखशीएवढे.

“पाहुणे,” आमच्या प्रमुख ताई खांद्यावरून डोकावून म्हणाल्या. “लागू लिही आणि सोड.”

“रंग घरच्यांसारखाच आहे, ताई.”

“पाहुणे काय वेगळा रंग लावून येतात?”

“एक दिवस द्या.”

“सर्जनना तूच सांग. मी बोलणी खाणार नाही.”

मी खाल्ली. दुसरं एक औषध होतं, पण ते सुईतून द्यायचं आणि मूत्रपिंडांना जड. गरज नसताना सर्जनना ते नको होतं. “उद्या अकरापर्यंत. तोवर जखम धुतो,” म्हणाले आणि फोन ठेवला. मी ते दोन ठिपके उचलून नव्या ताटलीत पसरले, वर त्याच औषधांच्या नव्या चकत्या ठेवल्या.

संध्याकाळी वॉर्डात गेले.

“काय गं, माझ्या बोटात कोण बिऱ्हाड करून राहिलंय?” मावशीने विचारलं. मी ठिपक्यांचं सांगितलं.

“म्हणजे औषधाने शहाणे झाले?”

“औषध शिकवत नाही, मावशी. जंतू एकाचे दोन होताना स्वतःची नक्कल काढतो. कोट्यवधी नकलांत एखादी चुकते. कधी औषध जिथे बसतं नेमकी तीच जागा बदलते.”

“किल्ली बसत नाही.”

“हं.”

“पण माझ्याकडे चुकलेल्या किल्ल्यांचा डबा भरलाय. एकीने कुलूप उघडेल तर शपथ.”

“त्यांच्याही बहुतेक चुका अशाच. काही तर जंतूलाच मारतात. एखादीच कामाला येते, तीही औषध आलं तर. औषध बाकीच्यांना मारतं आणि याला सगळं घर मोकळं.”

मावशी पट्टीकडे बघत राहिली. “मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या ठेवल्या. पुन्हा ठणकलं तेव्हा त्याच घेतल्या. त्याने झालं का?”

“असू शकेल. दोन ठिपक्यांवरून सांगता येत नाही. ठेवल्या कुठे होत्यास?”

“त्याच डब्यात,” ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

सकाळी गोळीच्या चकतीभोवती कडं नव्हतंच. जंतू थेट कागदाच्या कडेला भिडले होते. सुईच्या औषधाचं कडं मात्र स्वच्छ. सूक्ष्मदर्शकाखालीही पहिल्या ताटलीतल्या जंतूंचेच द्राक्षांच्या घडासारखे पुंजके दिसले. ताईंनी बराच वेळ पाहिलं.

“घरचेच गं,” त्या म्हणाल्या. “आजवर किती जणांना पाहुणे म्हणून सोडलं असेल आपण?”

साडेदहाला मी सर्जनना कळवलं. दुपारी सुई सुरू झाली.

पेर राहिलं. थोडं ताठ आहे, पण कानस धरता येते. गेल्या आठवड्यात दुकानात गेले तर मावशीने डबा टेबलावर उपडा केला आणि शेजारी जुन्या कुलपांची रांग लावली.

“तू म्हणालीस एखादी कामाला येते. बघू तरी.”

मी वहीत खुणा करत होते, ती किल्ल्या घालत होती. एक्केचाळीस किल्ल्या झाल्या. बेचाळिसावी तिसऱ्या कुलपात अर्धी फिरली.

“थांब,” मावशी कुजबुजली. “हात लावू नकोस.”