आ कर, माय

“बसा की हो ताई, फरशी झिजंल!” सिस्टर शुभदा थिएटरच्या दारातून म्हणाली आणि आत गेली.

बबिता बसली आणि लगेच उठली. गंगाखेडच्या या दवाखान्यात कित्येक वर्षं ती पेशंटला ऑपरेशनसाठी तयार करत आली होती. बाहेर येरझारा घालणाऱ्या नातेवाइकांवर रोज खेकसायची. आज तिचीच माय, राणीसावरगावची कुसुमबाई, पित्ताच्या खड्यांसाठी आत गेली होती, आणि बाईसाहेबांचे पाय काही ठरत नव्हते.

सकाळी तयारी तिनंच केली. बांगड्या उतरवल्या, गाऊन चढवला. एक गोष्ट मात्र तिनं टाळली. आत नेण्याआधी ती प्रत्येकाला आ करायला लावायची आणि गालातून बोट फिरवायची. कवळी, सुपारी, तंबाखू, काय काय निघायचं! लोक चहा-भाकरी सोडतात, पण गालातल्या तंबाखूला खाणं कोण म्हणतंय? बेशुद्धीत तीच घशात उतरली तर जिवावर बेततं. बबितानं यात सरपंचालाही सोडलं नव्हतं. पण जन्मदात्या मायच्या तोंडात बोट घालायचं? तिचा हातच उचलेना.

“माय, तोंडात काय न्हाई ना व?”

“न्हाई व बाई. सकाळधरनं पानी सुदिक न्हाई.”

तेवढ्यावर तिनं स्ट्रेचर आत ढकलू दिलं होतं.

काहीतरी करायचं म्हणून ती आता मायचं लुगडं घडी घालायला लागली. कनवटीतून डबी खाली पडली. तंबाखू विस्कटली. बबितानं चुन्याला बोट लावलं. चुना ओला होता, म्हणजे मायनं नुकतीच तंबाखू मळली होती.

“अगं माय!” ती धावतच सुटली. “थांबा सर! भूल देऊ नका!”

“सिस्टर, तुम्ही आत कशा?” भूलतज्ज्ञ सुई हातात धरूनच वळले.

बबिता थेट मायच्या उशाशी गेली. “आ कर, माय.”

कुसुमबाईनं ओठ घट्ट मिटले. सगळे बघायलेत, त्यात लेकीच्या हाताखालचे लोक! तिचे डोळे भरून आले. मग ओठ सुटले, आणि बबितानं गालातून काळा गोळा बोटानं ओढून काढला.

“लय भ्याले व बाई,” कुसुमबाई पुटपुटली. “जीवाला जरासा आधार.”

तोंड धुवून घेऊन, थोडं थांबून मगच डॉक्टरांनी ऑपरेशन सुरू केलं. बबिता बाहेर स्वतःलाच शिव्या घालत बसली. साऱ्या तालुक्याची तोंडं तपासली आणि घरचंच तेवढं राहिलं. आज लाजेपायी माय गेली असती.

दुपारी कुसुमबाईला वॉर्डात आणलं. नाडी बरी होती. बबितानं तिच्या कपाळावर हात ठेवला.

“माय, मी हाय.”

कुसुमबाईनं जड पापण्या उचलल्या, समोरचा पांढरा गणवेश पाहिला आणि कोणी न सांगताच हळूहळू आ केला.

“न्हाई व माय, मीट आता,” बबिता म्हणाली. तिनं ओल्या कापसानं मायचे सुकलेले ओठ टिपले. तोंड तसंच उघडं होतं.