शनिवारचं तेल

मित्रांनो, परवा तुम्ही ज्याला शेळी बांधलीत आणि ज्याच्यावर ओली धोतरं वाळत घातलीत, तो मी. तुम्हाला वाटलं असेल, कुणीतरी गोठ्याचा खांब चुकून मारुतीच्या आवारात पुरून ठेवलाय. तुमच्यावर राग नाही. पण मी गोठ्याचा नाही. मी या तालमीचा जुना मल्लखांब आहे, आणि एके काळी जळगावातली माणसं मला हात लावून तो हात कपाळाला लावत असत.

मी सातपुड्यातला, यावलच्या रानातला साग. भटूनाना या तालमीचे वस्ताद. त्यांनी स्वतः रानात येऊन, बोटांनी ठोकून ठोकून मला निवडलं आणि बैलगाडीतून तापी ओलांडून इथे आणलं. सुपडू मिस्त्रींनी मला महिनाभर तासलं. खाली जाड अंग, वर निमुळती मान आणि मानेवर गोल बोंड. तासताना फार दुखलं, खोटं कशाला सांगू? पण काम संपल्यावर मिस्त्रींनी माझ्या मानेवरून जो हात फिरवला, त्यानं मी सगळं विसरलो. ही साधारण एकोणीसशे चाळीसची गोष्ट.

भटूनानांचा एक नियम होता. मला तेल लावायचं ते त्यांनीच, आणि तेही फक्त एरंडेल. फडक्यावर थोडं घ्यायचं आणि घाम येईपर्यंत चोळायचं. एरंडेल चिवट असतं. ते खेळाडूचं अंग सोलवटू देत नाही आणि पकड सुटूही देत नाही. स्पर्धेच्या दिवशी तेल चोळून झालं की नाना माझ्या पायाशी घोंगडी टाकून बसत आणि कुणाला बोट लावू देत नसत. लोक त्यांना हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचो.

चुडामण माझ्याकडे आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. बाप डाळीच्या गिरणीत पोती वाहायचा. पोराच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण पकड अशी की माझ्यासारख्या सागाला कळावं. पहिल्या महिन्यात तो माझ्यावरून इतक्या वेळा पडला की मलाच लाज वाटायला लागली. नाना म्हणायचे, "पडू द्या. खांबशी वळख व्हई राह्यनी त्यानी."

ओळख झाली, मित्रांनो, आणि कशी झाली! अठराव्या वर्षी तो माझ्यावर चढायला लागला की मला माझं लाकूडपण आठवेनासं व्हायचं. अढी मारून, म्हणजे मला मांड्यांत आवळून, तो वर यायचा, मानेशी क्षणभर थांबायचा आणि मग बोंडावर नुसतं पोट टेकून हात-पाय पसरायचा. तसाच सावकाश गोल फिरायचा. लोक त्याला 'घार' म्हणत. खाली हजार माणसं असायची आणि एकाचाही खोकला ऐकू यायचा नाही.

दर हनुमान जयंतीला इथे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश यांची स्पर्धा व्हायची. चुडामण ती ओळीनं चार वर्षं जिंकला. त्याच्यावर जीव टाकणारी माणसं पुष्कळ होती, पण झिपरूची बातच और. झिपरू तेलाच्या घाणीवर कामाला होता. स्पर्धा संपली की चुडामणला खांद्यावर घेऊन गावभर नाचवायचं काम त्याचं. चुडामणचा एक फाटका लंगोट त्यानं स्वतःच्या घरात देव्हाऱ्याशेजारी टांगला होता. त्याची बायको त्यावरून महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

मग एक्कावन्न साल आलं. नानांची नजर आता अधू झाली होती. त्यांनी पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या जयंतीला स्पर्धा झाली की वस्तादाचा फेटा चुडामणच्या डोक्याला बांधायचा आणि तालीम त्याच्या हाती द्यायची. चुडामणला दुसरं काही नकोच होतं. त्या रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण उजाडायच्या आत तो येऊन माझ्याशी पाठ टेकून बसला होता.

त्या वर्षी जयंती नेमकी शनिवारी आली. जयंती आणि शनिवार एकत्र, म्हणून गावाला केवढा आनंद! नानांनी सकाळीच मला एरंडेल चोळलं आणि घोंगडी टाकली. पण धुळ्याची मंडळी आगगाडीनं येणार होती. त्यांना आणायला वस्तादानं जायचं, ही रीत. नाना चुडामणला आणि तालमीच्या पोरांना घेऊन स्टेशनवर गेले, आणि गाडी उशिरानं धावत होती.

इकडे शनिवारची रांग लागली. शनिवारी मारुतीला तेल वाहतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? लोक हातात वाट्या आणि पळ्या घेऊन आले. मारुतीचं झालं की प्रत्येकाच्या वाटीत थोडं तेल उरलेलं. झिपरू तर घाणीवरून गोड्या तेलाची ताजी बरणी घेऊन आला होता. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"मारुतीले तेल, तसं खांबले बी तेल," तो म्हणाला. "दोन्ही देवच शेतस. लावा रे बठ्ठा जन, आपला चुडामणसाठे!"

झालं. एकेक जण पुढे आला. कुणी पळीभर, कुणी ओंजळभर. फुलं विकणाऱ्या शेवंताबाईंनी दोन बोटं बुडवून माझ्या अंगावर टेकवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "पोऱ्यानं भलं होवो, माय." इतकं प्रेम मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी झिपरू म्हणाला, बोंड कोरडं कसं ठेवायचं? तो एकाच्या खांद्यावर चढला आणि त्यानं दोन्ही हातांनी बोंडाला न्हाऊ घातलं.

मी ओरडत होतो, मित्रांनो. लाकडाला जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडत होतो. गोडं तेल पातळ असतं, ते धरून ठेवत नाही. चैत्रातलं जळगावचं ऊन, तेल तापून माझ्या अंगावरून खाली पाझरत होतं. सांगणार कसं आणि कुणाला? नाना दुपार कलल्यावर परतले. त्यांना मी नुसता चकाकताना दिसलो, आणि ती चकाकी आपल्याच एरंडेलाची आहे असं त्यांना वाटलं.

मागच्या वर्षीचा विजेता म्हणून पहिलं चढण्याचा मान चुडामणचा. त्यानं सलामी दिली. सलामी दिल्यावर खाली उतरलं की खेळाडू बाद, हा नियम. पहिली पकड घेताच त्याला कळलं. त्याची बोटं माझ्यावर क्षणभर थबकली, आणि त्या क्षणी त्यानं मला जणू विचारलं की हे काय? तो तरी चढला. मांड्या घसरत होत्या, तरी चढला. मानेपाशी आला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यानं बोंडावर पोट टेकलं, हात पसरले, अर्धी फेरी फिरला आणि माझ्या डोक्यावरून सुटला.

मातीवर धप्प आवाज झाला. फारसं लागलं नाही. तो उठून उभा राहिला आणि त्यानं आपला तळवा नाकाशी नेला. मग नानांकडे पाहिलं.

त्याच्यानंतर धुळ्याचा वना चढला आणि जिंकला. वना चांगला खेळाडू, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण खरं सांगायचं तर माझ्यावरचं तेल चुडामणच्याच अंगानं पुसून निघालं होतं. बाकीच्यांना मी एकदम नीट सापडलो.

लोक पांगल्यावर चुडामण नानांपाशी आला. हळूच म्हणाला, "नाना, तेल कोनतं व्हतं?"

नानांचा चेहरा उतरला. "एरंडेल. मी मना हातानं लावं व्हतं. मना हात कधी चुकस का?"

चुडामणनं त्यांच्या पांढुरक्या झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. मला सगळं दिसलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं बाटली चुकवली. त्या क्षणी त्यानं ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. आणि नानांना वाटलं, आपला पोरगा पडल्यावर तेलावर ढकलतोय. दोघंही माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, मित्रांनो. फक्त दोन हातांवर!

मग सुरू झाली चर्चा. या मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी तीच. आधी विषय होता, तो पडला का. आठवड्याभरात विषय झाला, तो कधी मोठा होता तरी का.

"लगीन व्हयनं तवापासून अंग जड व्हयनं त्यानं," एक जण म्हणाला.

"चार साल सामने व्हतं कोन?" दुसरा म्हणाला. "तीन साल धुळाना कच्चा पोऱ्या, चवथा सालना तोबी तापमा ऊना व्हता."

आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? झिपरूचा. "माज चढना त्याले. सलामीना टाइमले लोकेस्कडे दखी हसना. मी दखं. मना जीव तुटस, म्हणीसन बोलस मी!" असं म्हणून तो खरोखर रडायचा. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हेच तर माझं दुःख आहे. देव्हाऱ्याशेजारचा लंगोट त्यानं काढून टाकला.

शेवंताबाई एकट्याच भांडल्या. फुलांची टोपली खाली आपटून म्हणाल्या, "चार साल खांदावर ली नाचनात, आन एक दिन पडना तं इसरनात?" पण एक बाई किती जणांना पुरी पडणार? मला तेल लावणाऱ्या त्या तीस माणसांतल्या एकालाही पडण्याचं कारण म्हणून तेल आठवलं नाही. आठवलं असतं तरी प्रत्येकाला आपली एक पळीच आठवली असती. पळीभर तेलानं कोण पडतो?

मी त्या पारापासून वीस पावलांवर उभा होतो. रोज ऐकत होतो. कुणी येऊन माझं अंग हुंगलं असतं तरी भागलं असतं. कुणी आलं नाही. फेटा नानांच्या पेटीतच राहिला. चुडामण काही दिवस पारावरून मान खाली घालून जायचा, मग तेही थांबलं. सावद्याला आगगाडीच्या वाघिणींत केळी भरायच्या कामावर तो निघून गेला. पुढच्या वर्षी नाना गेले. शेवटच्या दिवसांत काठी टेकत माझ्यापाशी यायचे आणि माझ्यावर हात ठेवून पुटपुटायचे, "पोऱ्यानी माले बोल लावा." त्यांना मी दोन शब्द सांगू शकलो असतो, तर माझ्या जन्माचं सोनं झालं असतं.

वस्ताद नाही म्हटल्यावर तालीम किती दिवस टिकणार? पोरं चेंडूकडे वळली. आखाड्यातली माती कुणी घर लिंपायला नेली, आणि मला शेळ्या बांधायला लागले.

एक माणूस मात्र मला विसरला नाही. झिपरू. तो दर शनिवारी येतो, मारुतीला तेल वाहतो आणि उरलेलं माझ्यावर घालतो.

गेल्या महिन्यात असाच एक शनिवार होता. सकाळची वेळ. चुडामण कुणाच्या तरी लग्नासाठी जळगावला आला होता. कानांवरचे केस पिकायला लागलेले. तो पाराकडे न बघता थेट माझ्याकडे आला आणि तोच हात, तीच बोटं माझ्यावर ठेवून उभा राहिला. नऊ वर्षांनी. तेवढ्यात झिपरू वाटी घेऊन आला.

"चुडामण? कधी ऊना तू?" झिपरूचा आवाज लगेच कातर झाला. त्यानं बोलता बोलता वाटी माझ्या अंगावर ओतली. "दर शनवारे घालस मी. आपला खांब शे. ती जयंतीले बी घातं व्हतं, तुनासाठे. मीच सांगं बठ्ठास्ले, तीस जन व्हतात. घाणीवरनं ताजं गोडं तेल! बोंडले तं मी मना हातानं लावं व्हतं." मग तो सुस्कारा टाकून म्हणाला, "इतलं करं, तरी तू पडना, भाऊ."

तेल माझ्यावरून ओघळत चुडामणच्या बोटांपर्यंत आलं. त्यानं हात उचलला आणि तळवा नाकाशी नेला.

मला वाटलं, आता तो झिपरूची गचांडी धरेल. मी म्हणेन, धरावी! पण झिपरू समोर डोळे पुसत उभा होता, आणि त्याच्या तोंडावर प्रेमाशिवाय काही नव्हतं. चुडामणचा हात खाली आला. झिपरू म्हणाला, घरी चल, जेवून जा. चुडामणनं नको म्हणून मान हलवली. झिपरू गेला.

मग चुडामणनं खांद्यावरचा पंचा काढला आणि मला पुसायला सुरुवात केली. पायापासून मानेपर्यंत, अगदी नाना पुसायचे तसं. पुसता पुसता त्याचं कपाळ माझ्यावर टेकलं.

"तो नानाना हात नव्हता," तो म्हणाला. "नाना, तो तुमना हात नव्हता."

नऊ वर्षं तो हे ओझं घेऊन वाघिणी भरत होता. आता ते उतरलं, पण ज्यांना सांगायचं ते आठ वर्षांपूर्वीच गेले. त्या पारावर त्यानं उभं राहून आज खरं सांगितलं तरी लोक म्हणतील, बघा, नऊ वर्षांनी निमित्त सापडलं. त्यालाही ते ठाऊक असावं. पंचा झटकून तो निघून गेला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला माफी मागता येत नाही, साक्ष देता येत नाही. तुम्हाला मात्र हात आहेत आणि तोंडही आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्यासाठी काही करायच्या आधी त्याला एकदा विचारा, बाबा रे, तुला हे चालेल का? आणि तो पडला, तर पारावर बसून निकाल लावायच्या आधी आपापले तळवे एकदा हुंगून बघा.

मला शेळी बांधलीत तरी माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा, झिपरूआबांना कुणीतरी नीट समजावून सांगा. दुखवू नका, ते आता म्हातारे झालेत. पण सांगा. आज शुक्रवार आहे, आणि उद्या ते वाटी घेऊन येतील.