पाखरीच्या पोटातलं लोखंड

तीन दिस झाले, माझ्या पाखरी गाईनं वैरणीला तोंड लावलं न्हवतं. पाठ वाकवून नुसती कण्हायची. दुष्काळ म्हणून दूध संस्थेनं नांदूरघाटाच्या माळावर जनावरांची छावणी उघडली व्हती. बाहेरून आलेल्या कडब्याच्या गाठी तारेनं बांधलेल्या, अन् मेली ती तार बी कुट्टीत कापून यायची. जनावरांचे हबीब डाक्टर म्हणले, "केशरबाई, तार गेली असंल तर आजच पोट उघडावं लागंल, न्हाईतर काळजात घुसंल. अन् नसंल, तर कापल्यानंच मरंल. हाडं निघालीत, त्यात गाभण."

"मंग बघा की आत काय हाय ते!"

त्यासाठीच माझ्या थोरल्या जावंची लेक शिवकन्या आलती. ती पुण्याला चुंबकाचं शिकती. तिच्या हातात नखाएवढी चकती, आकड्याच्या डबीला जोडलेली.

"काकू, ह्यात लोखंडाचे थर हायत, केसापरीस हजारो पटीनं पातळ. मधी दुसऱ्या धातूचा पापुद्रा. त्यो नेमक्या जाडीचा असला की दोन्ही थर उलट्या दिशेला तोंड करतात. जाडी जरा बदलली की एकाच दिशेला. आमी उलटं तोंड करणारे घेतलेत. जवळ चुंबक झालेलं लोखंड आलं की दोघं एकीकडं वळतात, वीज सोपी जाती, आकडा चढतो."

"आमच्याच घराचं सांगती का गं?" म्या फाडकन बोलले. वाटणीत मधी भिंत घातली तवापासून तिची आई तारा अन् मी नऊ वर्सं बोललो न्हवतो. तारा बी आलती, पाखरीची शेपटी धरून, माझ्याकडं पाठ करून उभी. कशापायी आलती, कुणास ठाऊक.

"अंगावर लोखंड हाय का कुणाच्या?" पोरीनं इचारलं. डाक्टरनी किल्ल्या लांब ठेवल्या. म्या म्हणलं, "सोनं न्हाई अंगावर, लोखंड कुठलं आलं?"

पाखरी हलू नये म्हणून म्या तिच्या खांद्याला छाती लावून मिठी मारली. पोटातली तार चुंबक व्हावी म्हणून शिवकन्यानं आधी एक जाड चुंबक तिच्या अंगावरून, पार माझ्या छातीलगत फिरवलं. मंग पुढच्या डाव्या पायामागं चकती लावली. आकडा चढला. दुसऱ्यांदा बी चढला. पोरीचं तोंड उतरलं. "काकू, हाय."

डाक्टरनी केस भादरले, भुलीची सुई भरली. म्या आणखी घट्ट बिलगले, अन् आकडा आणखी वर गेला.

"थांबा!" तारा ओरडली. नऊ वर्सांनी माझ्याकडं बघून. "केशर, मुडदा बशिवला तुझा, छातीवरच्या पिना काढ!"

नुसत्या काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, त्याला पाच पिना. बाईमाणूस त्याला लोखंड म्हणतंय व्हय? काटा काढाया, पदर टाचाया, त्या तर अंगाचाच भाग. घाईत मला एक बी निघंना. तारानंच गळ्यात हात घालून काढल्या, स्वतःच्या बी काढल्या, अन् त्या घेऊन पळत लांबच्या लिंबाखाली गेली.

चकती परत लागली. शून्य. सगळ्या पोटावरून फिरवली, शून्य.

"तार न्हाई," डाक्टरनी सुरी पेटीत टाकली. "नुसतं पोट बसलंय, रवंथ थांबलाय. औषध देतो, उठंल."

म्या पाखरीच्या गळ्यात पडून रडले. लई रडले. वर बघितलं तं तारा अजून लिंबाखालीच, पिना मुठीत धरून. जवळ आली तं आकडा बिघडंल म्हणून हलाया तयार न्हाई.

"आक्का," म्या हाक मारली, "झालं गं तपासून. ये की हिकडं."