पाटणची गाडी किती वाजता

दर रविवारी मी पोवई नाक्यावर मयूरीच्या नेट कॅफेत जाते. आत पाऊल टाकलं की तिची टकळी सुरू. "काकू, तुमचे परदेशी पाव्हणे वाट बघतायत!"

"बघू देत. आधी तो पंखा लाव."

मी एसटीच्या सातारा कचेरीत गाड्यांची वेळापत्रकं लावते. मेली आवडसुद्धा तीच, म्हणून नेटवर गप्पांची खोली सापडली तीही बस-रेल्वेवाल्यांची. तिथं माझे दोघे दोस्त. एक योहान, जर्मनीतल्या बॉनचा, रेल्वेतून निवृत्त झालेला. राजधानी बॉनहून बर्लिनला हलवतायत म्हणून सदा करवादलेला. दुसरा नेजात, तुर्कस्तानातल्या इझमितचा. एका बस कंपनीत माझंच काम करणारा. इंग्रजी तिघांचंही दिव्य, त्यामुळे कुणी कुणाला हसायचं नाही.

बोलायचं काय, तर दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार का, तो युरो नावाचा पैसा टिकणार का, तुर्कस्तानाला युरोपवाले आत घेणार का. नेजात म्हणायचा, "फलकावर लागते आणि फलाटावर येत नाही, तशी ती गाडी आहे." त्यांच्या बसमध्ये म्हणे प्रवाशांच्या हातावर अत्तराचं पाणी शिंपडतात. मी लिहिलं, "आमच्या सातारा-सांगली गाडीत कंडक्टर सुटे देत नाही, अत्तर कुठलं!" तो दिवसभर हसला असेल. बायकोला, सेविमला, वाचून दाखवलं म्हणाला.

जुलैत एकदा त्यानं सांगितलं, गल्लीत चोऱ्या फार होतात म्हणून लोखंडी दार बसवलंय. तीन कड्यांचं.

मी लिहिलं, "रात्री कडी लावू नका. आमच्या कोयनानगरला कुणी लावत नाही. जमीन हलली की चौकट वाकते, कडी अडकते."

"चोर रोज येतो बाई," तो म्हणाला, "भूकंप शंभर वर्षांनी."

पुढचं मी लिहिलं नाही. सदुसष्ट साली आम्ही कोयनानगरला होतो. वडील तिथल्या स्टँडवर कंट्रोलर. त्या रात्री ते पाटणला ड्यूटीवर होते. थंडी मी म्हणत होती, म्हणून आईनं कडी घातली. पहाटे भूकंप झाला तेव्हा मला खिडकीतून कुणीतरी ओढून काढलं. आई आणि धाकटा ज्योतिबा आतच राहिले.

मग आम्ही तंबूत. येईल ती बाई गळ्यात पडायची. "पोरी, कसं झालं गं?" मी दगडासारखी. एक केरबा कंडक्टर तेवढा काही विचारायचा नाही. शेजारी उकिडवा बसायचा, बिडी कानावर ठेवायचा आणि म्हणायचा, "विनूताई, पाटनची गाडी कवा हाय गं?" मी सांगायची. "आन् कराडची?" तीही सांगायची. त्या गाड्यांवर जन्म गेलेला माणूस, त्याला का वेळा ठाऊक नव्हत्या? पण तेवढाच वेळ मला श्वास घेता यायचा. लोक म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

तेव्हापासून आमच्या दाराला कडी नाही. लग्नानंतर नवरा भांडभांड भांडला, मग म्हणाला, नेण्यासारखं आहे तरी काय घरात! आणि तेव्हापासून मला कशाचं फारसं काही वाटतही नाही, खरं तेच सांगते. वडील गेले तेव्हा आलेल्या सगळ्यांना मी चहा केला. साखर बरोबर पडली होती.

ऑगस्टमध्ये टीव्हीवर बातमी आली. इझमित. भूकंप. मी भाजी निवडत होते, ती निवडून संपवली.

रविवारी खोलीत नेजातचं नाव नव्हतं. सगळ्यांनी हळहळ लिहिली. पुढच्या रविवारी थोडी कमी. मग योहाननं बर्लिनचं सुरू केलं. खासदारांच्या खुर्च्या, कपाटं, कागद रेल्वेनं कसे गेले, त्याचं रामायण. माझं टाळकंच सटकलं. इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकलं, "मेल्यांनो, माणूस राहिला की गेला ते तरी बघा!" कुणाला काय कळणार कपाळ!

"काकू, शांत व्हा," मयूरी म्हणाली.

"शांतच आहे गं. तीच तर बोंब आहे."

दसरा झाला. एका रविवारी बसले तर नेजातचं नाव वर होतं.

"नेजात?"

"इस्तंबूलच्या कचेरीतून लिहितोय," तो म्हणाला. मग आलं, "आता दार नाही. तंबूला कडी नसते."

मी टाइप केलं, "सेविम?" पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. त्याच्या आत त्याचीच ओळ आली. "योहानची राजधानी पोचली का बर्लिनला?"

मयूरी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिलेली. "काकू, विचारा ना! बायको कशी आहे विचारा!"

"गप बस गं तू."

मी सेविमचं नाव पुसलं. लिहिलं, "पोचली. सामान रेल्वेनं गेलं."

"वेळेवर?"

"अगदी वेळेवर."

"आणि तुमची सांगलीची गाडी?"

मी त्याला सांगितली. साताऱ्याहून कधी सुटते, कराडला किती थांबते, इस्लामपूर, आष्टा, सांगली. तो म्हणाला, पुढची? मी पुढची सांगितली. त्याच्या पुढची? तीही सांगितली. पडद्यावरची अक्षरं दिसेनात तेव्हा मला कळलं की मी रडतेय. मयूरीला वाटलं, तब्येत बिघडली. ती पाणी आणायला पळाली.

सांगलीच्या गाड्या संपल्या. त्यानं परत लिहिलं, "पुढची?"

कोयनानगरहून पाटणला गाडी किती वाजता सुटायची, ते मी त्याला सांगितलं.